क्यू आणि बॉल तोलायला काटा घेताय? पैसे देण्याआधी आणि दिल्यानंतर काय तपासायचं

रविवारी पूल-स्नूकरच्या पार्लरमध्ये कुणीतरी नवा काटा घेऊन येतो आणि अर्ध्या तासात वाद सुरू होतो. तोच क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, एकाच्या काट्यावर ५३९ ग्रॅम, दुसऱ्याच्या काट्यावर ५४४. दोन्ही काटे नवे, दोन्हींवर दशांशाचा आकडा, आणि दोघेही मालक आपापल्या काट्याची शपथ घ्यायला तयार. उसाच्या वजनावरून कारखान्याच्या गेटवर हुज्जत घालणारा आमचा बेळगाव जिल्हा. पण स्वतःच्या पैशानं घेतलेला काटा तपासून बघावा, हे इथं फारसं कुणाला सुचत नाही.

चूक बहुतेक वेळा क्रमात असते. लोक आधी काटा घेतात, लगेच क्यू ठेवतात आणि मग शंका काढतात. खालचा क्रम पाळला तर हजार रुपयांच्या आसपासचा काटा क्यूला आणि बॉलला पुरून उरतो.

## १. आधी आकडे कागदावर लिहा

पूलचा क्यू साधारण १८ ते २१ औंसांचा असतो. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. त्या हिशेबानं १८ औंस म्हणजे ५१० ग्रॅम, १९ म्हणजे ५३९, २० म्हणजे ५६७ आणि २१ म्हणजे ५९५. जागतिक पूल संघटनेच्या नियमात क्यूची कमाल मर्यादा २५ औंस, म्हणजे सुमारे ७०९ ग्रॅम आहे.

पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिमी आणि वजन ५.५ ते ६ औंस, म्हणजे १५६ ते १७० ग्रॅम. स्नूकरचा बॉल ५२.५ मिमीचा. तिथं नियम वेगळ्या पद्धतीचा आहे: एका सेटमधल्या बॉलांच्या वजनात ३ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको.

आता स्वतःला विचारा, मला नेमकं काय कळायला हवं? क्यू १९ औंसांचा आहे की साडेएकोणीस, एवढंच बघायचं असेल तर अर्धा औंस म्हणजे १४ ग्रॅम. त्याला एक ग्रॅमचा साधा किचन काटाही चालतो. सेटमधला हलका बॉल शोधायचा असेल, किंवा टिप (क्यूच्या टोकाचं चामडं) आणि ग्रिप (धरायची मूठ) बदलल्यावर किती फरक पडला ते बघायचं असेल, तर ०.१ ग्रॅम हवा. बहुतेकांना ही दोन्ही कामं करायची असतात, म्हणून पुढचं सगळं ०.१ ग्रॅमचा काटा धरून लिहिलं आहे.

## २. क्षमता: ५०० ग्रॅमच्या काट्यात फसू नका

मी स्वतः फसलोय म्हणून हे आधी. खिशात मावणारा, झाकणाचा, ५०० ग्रॅमचा चकचकीत काटा घेतला. बॉल झकास तोलले. क्यू ठेवला तर आकड्याच्या जागी जादा वजनाची खूण. १८ औंसांचा हलका क्यूसुद्धा ५१० ग्रॅम भरतो, हे आधी कागदावर मांडलं असतं तर पैसे वाचले असते.

शिवाय क्यू नुसता ताटलीवर राहत नाही, त्याखाली काहीतरी टेकू लागतो. टेकूचं वजन टेअर करून शून्य केलं तरी ते क्षमतेतून वजा होतंच. एक किलोच्या काट्यावर ३०० ग्रॅमचा टेकू ठेवला तर क्यूसाठी ७०० ग्रॅमच उरतात.

म्हणून: किमान एक किलो; दोन किंवा तीन किलो असेल तर उत्तम. पण दहा किलोचा काटा ०.१ ग्रॅम दाखवतो असं कुणी स्वस्तात सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. बॅग तोलायचा टांगता काटा तर विसराच. तो पाच-दहा ग्रॅमच्या पायऱ्यांनी चढतो.

## ३. बारकावा: डिस्प्लेवरचे आकडे म्हणजे अचूकता नव्हे

काटा किती बारीक आकडा दाखवतो ही एक गोष्ट, आणि तो आकडा खरा किती ही दुसरी. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा अर्ध्या ग्रॅमनं चुकू शकतो, आणि तो चुकीचा आकडाही तितक्याच बारकाईनं दाखवतो.

एक ग्रॅमचा काटा बॉलला का कमी पडतो ते बघा. प्रत्येक आकडा अर्धा ग्रॅम वर किंवा खाली गोल केलेला असतो. दोन बॉलांत २ ग्रॅमचा फरक दिसला तर खरा फरक १ ग्रॅमच्या जरा वर असेल किंवा ३ ग्रॅमच्या जवळ. मर्यादाच ३ ग्रॅमची असेल तर असा आकडा घेऊन निर्णय काय देणार?

०.१ ग्रॅमचा आणखी एक फायदा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बॉल सगळीकडून सारखा झिजला तर व्यास जितके टक्के कमी होतो त्याच्या जवळजवळ तिप्पट टक्के वजन कमी होतं. १६८ ग्रॅमच्या बॉलचा व्यास ०.१ मिमीनं घटला की वजन सुमारे ०.९ ग्रॅमनं उतरतं. ०.१ मिमीची झीज साध्या व्हर्नियरवर (व्यास मोजायच्या पट्टीवर) हात हलला की हरवते, ०.१ ग्रॅमच्या काट्यावर ती नऊ पायऱ्यांइतकी दिसते. नवा होता तेव्हाचं वजन लिहून ठेवलेलं असेल तर झीज मोजायला काटाच पुरतो.

०.०१ ग्रॅमच्या मागे लागू नका. पंख्याच्या वाऱ्यानं शेवटचा आकडा नाचत राहतो आणि आपण उगाच त्याकडे बघत बसतो.

## ४. दुकानात उभं राहून काय बघायचं

कॉफीसाठी मिळणारे टायमरवाले काटे, तीन किलो आणि ०.१ ग्रॅम, या कामाला सगळ्यात सोयीचे. खोक्यावर किंवा काट्याखालच्या पट्टीवर कमाल क्षमता आणि ‘डी’ ही दोन्ही लिहिलेली हवीत. ‘डी’ म्हणजे डिस्प्लेची सगळ्यात लहान पायरी. मग एवढं बघा:

- ताटली सपाट हवी आणि डिस्प्ले तिच्या पुढे, मोकळा. क्यू आडवा ठेवला की आकडा झाकला जाईल असा काटा नको.
- आपोआप बंद होण्याची वेळ. तीस सेकंदांत झोपणारा काटा टेअरसकट सगळं विसरतो.
- कॅलिब्रेशनची, म्हणजे ठरलेलं वजन ठेवून काटा जुळवायची सोय आहे का, आणि त्याला किती ग्रॅमचं वजन लागतं. ही सोय नसेल तर दुसरा काटा बघा.
- चार्जिंगचा असेल तर केबल लावलेली असतानाही चालतो का. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. मला साधे सेल घालायचे काटे बरे वाटतात.

सावधान, एककाचं बटण. खिशातल्या काट्यांवर औंसाचे दोन प्रकार असतात. साधा औंस २८.३५ ग्रॅमचा आणि सोन्याचांदीचा ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा. १९ औंसांचा क्यू ट्रॉयवर १७.३ दाखवतो आणि मालकाला वाटतं, दुकानदारानं गंडवलं. किचन काट्यांवर मिलिलिटर आणि द्रव औंसही असतात. काटा कायम ग्रॅमवर ठेवा आणि औंस काढायचे तर २८.३५ नं भागा.

खडेबाजारात घ्या नाहीतर ऑनलाइन, परत करण्याची मुदत किती ते विचारून घ्या. पुढची चाचणी त्या मुदतीत उरकायची आहे. खोकं फाडू नका.

## ५. घरी आणल्यावर चाचणी, क्यूला हात न लावता

काटा कडाप्प्यावर किंवा शहाबादी फरशीवर ठेवा. पूल टेबलाच्या कापडावर नको, सनमायक्याच्या डुगडुगत्या टेबलावर नको. पंखा बंद करा, मोबाइल बाजूला ठेवा. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडीवरून आणला असेल तर वीस मिनिटं तसाच राहू द्या. मग चालू करा, आणखी दोन मिनिटं थांबा.

पहिली: शून्यावर परत. बॉल ठेवा, उचला. शून्य दिसलं पाहिजे. असं पाच वेळा.

दुसरी: तोच आकडा पुन्हा. एकच बॉल दहा वेळा ठेवा-उचला आणि दहाही आकडे लिहा. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान यांत ०.२ ग्रॅमपर्यंत फरक चालेल. ०.५ गेला तर काटा परत. ही चाचणी नापास झाली तर पुढच्या करूच नका, कारण एकसारखं चुकणारा काटा सुधारता येतो, दर वेळी वेगळं चुकणारा येत नाही.

तिसरी: कोपरे. बॉल लहान झाकणात ठेवून मध्यभागी, मग चारही कोपऱ्यांत. क्यूच्या बाबतीत हीच चाचणी सगळ्यात महत्त्वाची, कारण लांब क्यूचा भार नेमका मध्यभागी क्वचितच बसतो. कोपऱ्यात ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त बदल दिसला तर तो काटा बॉलांपुरता ठेवा किंवा परत करा.

चौथी: बेरीज. एक बॉल, दुसरा बॉल, तिसरा बॉल वेगवेगळे तोला. मग तिन्ही एकत्र. बेरीज जुळली पाहिजे. प्रत्येक आकडा गोल केलेला असल्यानं ०.२ चा फरक माफ. तीन बॉल मिळून सुमारे ५०० ग्रॅम होतात, म्हणजे क्यूच्या वजनाच्या टप्प्यातच काटा सरळ चालतो का ते कळतं. या चाचणीला कुठलंच प्रमाणित वजन लागत नाही, तरी ती कुणी करत नाही.

पाचवी: सरकणं. तेच तीन बॉल पाच मिनिटं ठेवून द्या. आकडा हळूहळू चढत किंवा उतरत असेल तर तो काटा दमतोय.

एक चोरटी गोष्ट इथंच सांगतो. काटा शून्याच्या आसपासची अगदी बारीक हालचाल स्वतःच गिळून टाकतो, म्हणजे डिस्प्ले स्थिर दिसावा. त्यामुळे रिकाम्या ताटलीवर खडूचा चुरा चिमूटचिमूट टाकून काटा ‘किती बारीक’ आहे ते तपासू नका. त्याला दिसणारच नाही. तपासायचंच तर आधी बॉल ठेवा, मग त्याच्या शेजारी नाणं एकदम ठेवा आणि वाढलेला आकडा नाण्याच्या एकट्याच्या वजनाशी ताडून बघा.

## ६. खऱ्या वजनाशी गाठ

वरच्या पाच चाचण्यांत पास झालेला काटाही मुळात खोटा बोलत असू शकतो, फक्त एकसारखा. आणि आपल्या भागात त्याला एक खास कारण आहे. हे काटे खरं तर वस्तुमान मोजत नाहीत, ताटलीवरचा दाब मोजतात, आणि तो गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असतो. बेळगाव १६ अक्षांशाच्या आसपास, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर. दिल्लीच्या अक्षांशावर जुळवलेला काटा इथं जवळजवळ ०.१ टक्का कमी दाखवतो. बॉलला ते ०.१५ ग्रॅमच्या आसपास, पण क्यूला अर्धा ग्रॅम. म्हणजे काट्यात काही खोट नसतानाही पाच पायऱ्यांची चूक.

उपाय दोन.

एक, प्रमाणित वजन विकत घ्या. त्यांचे अचूकतेप्रमाणे वर्ग असतात: एम-१ वर्गाच्या ५०० ग्रॅमच्या वजनाला २५ मिलिग्रॅम चुकण्याची सूट असते, एम-२ ला ८० मिलिग्रॅमची. दोन्ही आपल्या ०.१ ग्रॅमच्या आत, म्हणून एम-२ पुरतं. किराणा दुकानातलं जुनं लोखंडी वजन या कामाचं नाही.

दोन, आणि मी हेच केलं: उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून स्टेनलेस स्टीलच्या सळईचा अर्ध्या किलोच्या आसपासचा तुकडा मागून घेतला. स्टेनलेसच हवं; साधं लोखंड इथल्या पावसात गंजतं आणि गंज वजन बदलतो. तो तुकडा घेऊन शहापूरच्या सराफ गल्लीत दुपारी गेलो. दुपारी मुद्दाम, कारण तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. “हे काय सोनं म्हणून मोडायला आणलैस काय रे?” म्हणून सराफ हसले, पण तोलून दिलं. सराफाच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो आणि ती पडताळणी इथंच होते, त्यामुळे उंचीचा आणि अक्षांशाचा प्रश्न त्यात आधीच मिटलेला. मात्र त्यांच्या काट्याची क्षमता आधी विचारा. माझा तुकडा ५०७.३ ग्रॅम भरला. तेवढा आकडा तुकड्यावर कोरून घ्यायचा मोह आवरा, कोरल्यावर वजन बदलतं. कागदावर लिहून त्याच्याच पिशवीत ठेवा.

मोठी चूक: असा ‘साधारण अर्धा किलो’चा तुकडा ठेवून कॅलिब्रेशनचं बटण दाबणं. काट्याला ५०० म्हणजे ५००.० अपेक्षित असतात. तुम्ही ५०७.३ दिलेत तर तो आज्ञाधारकपणे त्यालाच ५०० मानेल आणि तिथून पुढे सगळं कमी तोलेल. पार्लरमध्ये दिसलेला पाच-सहा ग्रॅमचा फरक असाच जन्माला येतो. स्वतःचा तुकडा फक्त पडताळणीसाठी. तो ५०७.३ ऐवजी ५०६.८ दिसला तर प्रत्येक वाचनाला ५०७.३ नं गुणून ५०६.८ नं भागा, संपलं.

कॅलिब्रेशन करायचंच असेल तर प्रमाणित वजनानं, आणि त्याआधी नवे सेल घालून.

## ७. बॉल तोलताना

कोमट पाण्यात थोडा साबण, मऊ फडकं, आणि पूर्ण कोरडे. ओले बॉल ताटलीवर ठेवू नका.

बॉल घरंगळू नये म्हणून खाली बाटलीचं झाकण ठेवून टेअर करा. लहान मुलीची बांगडीही चालते. मोठ्या बाईची नको, तिच्यातून बॉल सरळ खाली जातो आणि ताटलीवर आपटतो.

क्रमांकाप्रमाणे तोला, आणि दर पाच बॉलांनंतर पहिला बॉल पुन्हा ठेवून बघा. तोच आकडा आला तर पुढे चला. व्हाइटचं, म्हणजे क्यूनं मारायच्या पांढऱ्या बॉलचं वजन वेगळ्या रकान्यात लिहा. प्रत्येक फटका तिलाच बसतो, ती आधी झिजते. नाणं टाकून चालणाऱ्या टेबलाची व्हाइट कधीकधी मुद्दाम वेगळी बनवलेली असते, तिला सेटशी ताडून दोष देऊ नका.

## ८. क्यू तोलताना

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. क्यू सुमारे १४५ सेंटिमीटर लांब, ताटली जेमतेम वीतभर.

भिंतीला टेकवू नका. बट (क्यूचा मागचा जाड भाग) ताटलीवर आणि टिप भिंतीला, हे दृश्य मी किमान चार पार्लरमध्ये बघितलंय. भिंत थोडा भार घेते, काटा उरलेला दाखवतो. हातानं ‘नुसता आधार’ दिला तरी तेच.

दोन तुकड्यांचा क्यू असेल तर उघडा. शाफ्ट (पुढचा बारीक भाग) आणि बट वेगवेगळे तोला आणि बेरीज करा. जॉइंट प्रोटेक्टर (जोडावरची टोपणं), एक्स्टेन्शन (लांबी वाढवायचा तुकडा), मागचं मिनी-बट आधी काढा. शाफ्ट वेगळी तोलण्याचा फायदा असा की ती साधारण १०० ते १२० ग्रॅमची असते आणि दुसरी शाफ्ट घेताना तोच आकडा कामाला येतो. टेकू म्हणून थर्मोकोलचे दोन तुकडे घ्या, वर इंग्रजी ‘व्ही’सारख्या खाचा कापा, एका हलक्या पट्टीवर चिकटवा, पट्टी ताटलीच्या मधोमध ठेवा, टेअर करा. तुकड्याचा तोल जिथं साधतो तो बिंदू ताटलीच्या मध्यावर आला पाहिजे. तो बोटावर आधीच काढून तिथं पेन्सिलीची खूण करा.

तपासा: दोन्ही टोकं हवेत आहेत ना? खालून कागद सरकवून बघा. एक टोक वहीला जरी टेकलं तरी आकडा गेला.

एकसंध स्नूकर क्यू असेल, किंवा माझ्यासारखा ५०० ग्रॅमचा काटा गळ्यात पडला असेल तर एक जुनी युक्ती आहे. ताटलीवर एक पेन्सिल आडवी ठेवून टेअर करा. दुसरी पेन्सिल पुस्तकांच्या थप्पीवर, पहिलीच्या बरोबर उंचीला. क्यूवर दोन खुणा करा, समजा बटाच्या टोकापासून १० आणि १३० सेंटिमीटरवर. मागची खूण ताटलीवरच्या पेन्सिलीवर, पुढची थप्पीवरच्या, आकडा लिहा. मग क्यू फिरवा, पुढची खूण ताटलीवर आणि मागची थप्पीवर. दुसरा आकडा लिहा. दोन्हींची बेरीज म्हणजे क्यूचं वजन, आणि काट्यावर एका वेळी पूर्ण भार कधी येतच नाही.

यातून तोलबिंदूही फुकटात मिळतो. मागे ३७५ आणि पुढे १६५ आले, तर वजन ५४० ग्रॅम. पुढचा आकडा भागिले बेरीज, गुणिले दोन खुणांमधलं अंतर: १६५ ÷ ५४० × १२० म्हणजे ३६.७. त्यात मागचे १० मिळवा. तोलबिंदू बटाच्या टोकापासून ४६.७ सेंटिमीटरवर, म्हणजे साडेअठरा इंचांच्या जरा आत. दोन क्यूंचं वजन सारखं असूनही एक हातात जड का वाटतो, ते या आकड्यावरून कळतं.

पेन्सिली खुणांवरून सरकल्या तर सगळं फसतं. दोन्ही वेळा मांडणी मोडून पुन्हा करा आणि बेरीज एका ग्रॅमच्या आत जुळते का बघा.

## ९. वहीत काय लिहायचं

तारीख, क्यू किंवा बॉलचा क्रमांक, वजन, आणि त्या दिवशी तुमचा पडताळणीचा तुकडा किती दिसला तो आकडा. शेवटचा रकाना सोडू नका. सहा महिन्यांनी क्यू दोन ग्रॅमनं वाढलेला दिसला तर बदल क्यूत झाला की काट्यात, हे तोच सांगतो. क्यूतही होऊ शकतो. लाकडातली ओल एक टक्क्यानं वाढली तर शंभर ग्रॅमच्या शाफ्टला साधारण एक ग्रॅम चढतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या हवेला ओल कमी पडत नाही. जूनच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा तोला.

काटा ठेवताना त्याच्यावर काही ठेवू नका, बॉलांच्या खोक्याखाली तर मुळीच नको. आणि पावसाळ्यात सेल काढून डब्यात ठेवा. माझ्या पहिल्या काट्यात मुंग्यांनी घर केलं होतं.